उभ्या गाडीचा धूर

दादासाहेबांच्या बायकोला दादासाहेबांचीच ॲलर्जी आहे, हे निदान सर्वांत आधी केलं ते तिच्या थोरल्या बहिणीनं. ह्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. आक्का डॉक्टर नव्हत्या. पण डॉक्टर नसल्यामुळे निदान करताना कुणाचं अडलंय, असं आजवर कुठं झालंय?

त्याचं असं झालं, की वहिनींना खोकला लागला. (सगळी बिल्डिंग दादासाहेबांच्या बायकोला वहिनी म्हणे; आपणही तेच म्हणू.) साधा, कोरडा खोकला. सकाळी चहाचं आधण ठेवताना सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत घरात रेंगाळायचा. नुसता खोकलाच असता तर दादासाहेबांनी तो आल्यागेल्या पाहुण्यासारखा सोसला असता. पण त्यानं वहिनींचं हसणं पळवलं, आणि तिथं दादासाहेबांच्या वर्मावर घाव बसला.

कारण दादासाहेबांना विनोद करायची खोड होती. ऑफिसात त्यांच्या विनोदाला कुणी हसत नसे. बिल्डिंगमध्ये लोक त्यांना लांबून येताना पाहून मोबाइल कानाला लावत. अख्ख्या जगात त्यांच्या विनोदाला पोटभर हसणारं माणूस एकच होतं, आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं. ही सोय किती जणांना लाभते? वहिनी हसायच्या तेव्हा आधी डोळे मिटायच्या, मग खांदे हलायचे, आणि मग पदर तोंडाला लावेपर्यंत हसू सगळ्या घरभर व्हायचं. आता मात्र खांदे हलले की खोकला उठे. वहिनी एक हात वर करून म्हणत, "अहो, पाया पडते, हसवू नका." बायको रडवू नका म्हणाली तर नवऱ्याला काहीतरी करता येतं. हसवू नका म्हणाली, तर त्यानं घरी यायचं तरी कशाला?

दादासाहेब त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वहिनींच्या पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला, आणि चष्म्यावरून दादासाहेबांकडे बघत विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कुणीही नाही."

"संकोच करू नका. मी बाहेर बोलत नाही."

"अहो डॉक्टर, मी आयुष्यात काडेपेटीसुद्धा हिला विचारल्याशिवाय पेटवलेली नाही!"

वहिनींनी ह्याला मान हलवून दुजोरा दिला. डॉक्टर म्हणाले, "मग छातीत धूर कुठून आला? घर रस्त्यावर आहे का?"

"पहिल्या मजल्यावर आहे," दादासाहेब ताठ बसून म्हणाले. "समोर सिग्नल आहे."

"मग झालं तर. गाड्यांचा धूर. डोळ्यांना दिसतो तो तरी बरा, माणूस नाक दाबतं. पण त्यातली जी बारीक पूड दिसत नाही ना, ती सरळ छातीत उतरते आणि तिथं बिऱ्हाड करते. आज खोकला आहे, उद्या दमा होईल, पुढं हृदयालाही त्रास. औषध देतो, पण नुसत्या औषधानं भागायचं नाही. धूर कुठून येतो ते शोधा आणि तो बंद करा."

दरम्यान वहिनी आक्कांकडे राहून आल्या. तिथं खोकला नाही. घरी परतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खोकलाही उकळून वर आला. आक्का त्यांना सोडायला आल्या होत्या. त्यांनी बोटांवर मोजत हिशेब मांडला. "माझ्याकडे धूळ आहे. मांजर आहे. शेजारी रंगकाम चाललंय. तरी हिला काही झालं नाही. तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, अशी वस्तू एकच." आणि त्यांनी दादासाहेबांकडे पाहिलं.

ॲलर्जी म्हणाल्या त्याचं दादासाहेबांना एवढं लागलं नाही. वस्तू म्हणाल्या त्याचं लागलं.

आता दादासाहेब काही ऐरेगैरे नव्हते. एका विमा कंपनीत ते दावे तपासत. एखाद्याची गाडी खांबावर आपटली तर चूक गाडीची की खांबाची, हे ते टेबलाशी बसल्या जागी सांगत, आणि त्यांच्या हातून खांब सहसा सुटत नसे. असा माणूस घरच्या धुराचा गुन्हेगार शोधू शकणार नाही? ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली सिग्नल लाल होता. बसगाड्या, ट्रक, स्कूटर सगळे इंजिनं चालू ठेवून घुरघुरत उभे होते. "हे बघा," दादासाहेब आक्कांना म्हणाले, "ही तुमची वस्तू!"

"पुरावा?" आक्का म्हणाल्या. दादासाहेबांचाच शब्द त्यांनी दादासाहेबांना परत केला.

इथं दादासाहेबांच्या स्वतःच्या गाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती इतकी सालस होती की मुद्दाम सांगितल्याशिवाय कुणाला तिची आठवण यायची नाही. एकदा भर दुपारी वहिनींच्या पोटात कळ आली होती आणि काही केल्या रिक्षा मिळाली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात दादासाहेबांनी जुनी का होईना, पण गाडी घेतली. मोठ्या दिमाखात ते ती घेऊन बाहेर पडले, आणि समोरच्याच सिग्नलला ती बंद पडली. मागच्या लोकांनी हॉर्न वाजवले, आणि ते संपल्यावर दादासाहेबांच्या खानदानाची चौकशी केली. त्या दिवसापासून दादासाहेब बसनं ऑफिसला जाऊ लागले आणि गाडी बिल्डिंगच्या मागच्या अंगाला उभी राहू लागली. मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत ह्यांच्यामधली ती चिंचोळी जागा. गाडीचं तोंड फाटकाकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून दादासाहेबांनी ती उलटी आत घातली होती. पण बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी ते ती चालू करत, आणि पिवळं फडकं घेऊन टपापासून चाकापर्यंत पुसून होईस्तोवर चालूच ठेवत. देवपूजेला दांडी मारतील, पण ह्याला नाही.

असो. पुराव्याकडे वळू.

दादासाहेबांनी नवे पांढरे रुमाल आणले आणि घराच्या प्रत्येक खिडकीत एकेक चिमट्यानं अडकवला. ज्या खिडकीतून धूर येतो तिथला काळा पडेल, असा त्यांचा बिनतोड बेत. बिल्डिंगमध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे सेक्रेटरी फाटकाशी थांबून म्हणाले, "पांढरं निशाण फडकवलंत? अखेर वहिनींना शरण गेलात म्हणायचं!" ह्या विनोदाला मात्र सगळी बिल्डिंग हसली, ह्याची दादासाहेबांनी मनात नोंद घेतली.

यथावकाश रुमाल काढून टेबलावर मांडण्यात आले. बाल्कनीतला राखाडी झाला होता. दादासाहेबांनी आक्कांना फोन करायला हात पुढे केला, तेवढ्यात वहिनींनी स्वयंपाकघरातला रुमाल आणून ठेवला. तो काळाकुट्ट होता. त्याच्यापुढं बाल्कनीतला रुमाल लग्नाला निघाल्यासारखा दिसू लागला.

दादासाहेबांनी तो काळा रुमाल उलटसुलट केला, हुंगला, आणि नोकरीतल्या सगळ्या अनुभवाला स्मरून निकाल दिला. "तू जरा मंद आचेवर स्वयंपाक करत जा."

"मी काय कोळसे जाळते का हो घरात?"

"मग मागच्या खिडकीला काळं कशानं लागेल? मागं रस्ता आहे? बसगाड्या आहेत? नाहीत ना? मग?"

विमा कंपनीत असा नियमच असतो, की जो साक्षीदार प्रकरणात बसत नाही तो फितूर. तो रुमाल पुराव्यातून वगळण्यात आला. वहिनी त्या दिवशी दादासाहेबांशी फक्त कामापुरतं बोलल्या, आणि काम फारसं काढलं नाही.

गुन्हेगार समोरचा रस्ताच, हे एकदा ठरल्यावर बंदोबस्त करणं आलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहत. ते जन्मभर इतिहास शिकवत आले होते, म्हणून विज्ञानावर अधिकारानं बोलत. त्यांनी सल्ला दिला, "ओल्या चादरी लावा. धूर ओल्याला चिकटतो. साधी गोष्ट आहे." दादासाहेबांनी घरातल्या सगळ्या चादरी भिजवून बाल्कनीत टांगल्या. धूर चिकटला की नाही कोण जाणे, पण पाणी निथळलं, आणि नेमके खाली सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून कुठल्याशा मीटिंगला निघाले होते. त्यांनी वर पाहिलं. "दादासाहेब, हा पाऊस आपल्याकडचा का?"

चादरी उतरल्या. मग प्राध्यापकांनीच कुंड्या सुचवल्या. पानं हवा गाळतात म्हणे. कुंड्यांनी बाल्कनी भरली आणि कुंड्यांतल्या पाण्यावर डास वाढले. वहिनी सकाळी खोकायच्या आणि संध्याकाळी डास मारायच्या. दिवस कसा भरगच्च जायचा.

मग सेक्रेटरी पुढे सरसावले. त्यांचा शर्ट वाळला होता आणि त्यांच्या मेव्हण्याचं पंख्यांचं दुकान होतं. "तुम्ही धूर अडवत बसलाय, तिथंच चुकताय," ते म्हणाले. "आत येऊ दे. आला की आल्या पावली बाहेर फेका!" त्यांनी एक पंखा पाठवला. तो मुळात कुठल्याशा खानावळीच्या भटारखान्यासाठी बनवलेला होता. बाल्कनीच्या भिंतीला भोक पाडून तो बसवला, समोरच्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या, आणि दादासाहेबांनी बटण दाबलं. कॅलेंडर भिंतीवरून उठून निघालं. वर्तमानपत्रानं त्याचा पाठलाग केला. दार आपटलं, पडदा पंख्याकडे ओढला गेला आणि तिथंच ताठ होऊन राहिला. "बघा कसा खेचतो!" सेक्रेटरी ओरडून म्हणाले, कारण ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नव्हतं.

पंखा घरातली हवा समोरून बाहेर फेकत होता, हे खरं. पण तेवढीच हवा आत कुठून येत होती? समोर तर सगळं बुजवलेलं. उरली एक मागची खिडकी, स्वयंपाकघरातली. पण हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांना पडला नाही, सेक्रेटरींना परवडला नाही, आणि दादासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे खाली गाडी पुसत होते.

त्या सकाळी वहिनींना असा खोकला लागला की ओट्याला धरून त्या खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादासाहेब वर आले तेव्हा वहिनींना तोंडातून शब्द काढता येत नव्हता. दादासाहेब घाबरले. आयुष्यात इतके कधी घाबरले नव्हते. त्यांनी पाणी दिलं, पाठ चोळली, पंखा आणखी जोरात केला.

दुपारी आक्का आल्या आणि बहिणीची बॅग भरली. "दादासाहेब," त्या दारात म्हणाल्या, "राग मानू नका. पण तुमचं घर सुधारेपर्यंत ही माझ्याकडे राहील. नाही सुधारलं, तर कायमची राहील." जाताना वहिनींनी फक्त औषधाची बाटली विसरलेय का म्हणून मागं वळून पाहिलं, असं दादासाहेबांना वाटलं. बाटली वहिनींच्या हातातच होती.

रिकाम्या घरात दादासाहेबांनी स्वतःला एक विनोद सांगून पाहिला. तो वाईट होता. लोक का हसत नाहीत, हे त्यांना प्रथमच कळलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते प्रदूषणाच्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "धूर उभ्या गाडीचा की चालत्या?"

"म्हणजे, सिग्नलला गाड्या उभ्या राहतात, मग चालू लागतात."

"म्हणजे मिश्र धूर. मिश्र धुराला खिडकी नाही."

"अहो, पण तो येतोय!"

"येत असेल. आमच्याकडे उभ्या गाडीचा धूर. चालत्या गाडीचा वाहतूक खात्याकडे, ते पलीकडच्या रस्त्याला. त्यांची जेवणाची सुट्टी झालीय. तुम्ही काय ते एक ठरवा."

दादासाहेबांनी पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. ऊन होतं. "उभ्या गाडीचा," ते म्हणाले.

"मग अधिकारी येतील. सकाळी, गर्दीच्या वेळी. आणि बाधित व्यक्ती जागेवर हजर पाहिजे. नसली तर तपासणी होत नाही."

म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी वहिनी घरी आल्या. सोबत आक्का. वहिनींचा चेहरा सुधारला होता, आणि आक्कांकडे राहून सुधारला होता हे दादासाहेबांना खुपलं. अधिकारी सरकारी जीपमधून आले. ड्रायव्हरनं जीप फाटकासमोर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. अधिकाऱ्यांनी बाल्कनीत पिशवीतून एक यंत्र काढलं. धूर जितका जास्त, तितकं ते जोरात टिकटिकायचं. पंखा बंद करायला लावून त्यांनी यंत्र कठड्यावर ठेवलं. खाली सिग्नल लाल झाला, बसगाड्या घुरघुरल्या, आणि यंत्र टिक... टिक... करत राहिलं.

"आहे," अधिकारी म्हणाले, "पाहिजे त्यापेक्षा जास्तच आहे. गर्दीच्या वेळी ह्या खिडक्या लावून घेत चला. पण ह्यानं माणूस ओटा धरून खाली बसेल असं वाटत नाही."

"नीट बघा हो! तो ट्रक बघा!" दादासाहेब कळवळून म्हणाले. आक्का सोफ्यावर बसून दादासाहेबांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात त्यांचं निदान जसंच्या तसं होतं.

"चहा घेता का?" वहिनींनी विचारलं. अधिकाऱ्यांचा चेहरा तपासणी सुरू झाल्यापासून प्रथमच खुलला. ते यंत्रासकट स्वयंपाकघरात जाऊन बसले. आणि दादासाहेबांच्या गाडीची वेळ झाली. घरात सरकार येऊन बसलं म्हणून नेम थोडाच चुकवायचा? पिवळं फडकं उचलून ते खाली गेले.

चहाला उकळी आली न आली, तोच ओट्यावरचं यंत्र टिकटिकायला लागलं. मग ते टणटणायला लागलं. मग टणटणण्यातली मधली जागाच नाहीशी झाली आणि ते एकसुरात किंचाळू लागलं. वहिनींना खोकला सुटला. "गॅस! गॅस!" आक्का ओरडल्या. त्यांचा आवाज मुळात पल्लेदार. जिन्यात पळापळ झाली. प्राध्यापक एका पायात चप्पल घालून उतरले. सेक्रेटरी सोसायटीचं कपाट वाचवायला निघाले, पण ते जड होतं, म्हणून त्यांनी नुसती किल्ली वाचवली.

अधिकारी मात्र प्रथमच जागे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी गॅसच्या शेगडीजवळ यंत्र नेलं, ते थोडं उतरलं. खिडकीबाहेर धरलं, ते पिसाळलं. "खाली!" ते म्हणाले आणि निघाले. पुढं किंचाळणारं यंत्र, मागं अधिकारी, त्यांच्या मागं पदर नाकाला लावलेल्या वहिनी, आक्का, आणि अख्खी बिल्डिंग. वरात मागच्या बोळात वळली.

दादासाहेब पुढची काच पुसत होते. इंजिनाच्या आवाजात त्यांना वरचं काही ऐकू गेलं नव्हतं. एवढी माणसं येताना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "सापडला का?" त्यांनी विचारलं.

अधिकारी गाडीच्या मागं गेले आणि धुराच्या नळीशी उकिडवे बसले. यंत्रानं एक शेवटचा हुंदका दिला आणि ते बंद पडलं. त्याच्यात पुढचे आकडेच नव्हते. अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. नळीच्या बरोबर वर, दोन भिंतींमधल्या त्या धुराड्यासारख्या फटीतून सरळ वर, पहिल्या मजल्यावरची खिडकी होती, आणि खिडकीत चहाचं पातेलं दिसत होतं.

"गाडी कुणाची?"

"माझी!" दादासाहेब अभिमानानं म्हणाले. अभिमान चेहऱ्यावरून उतरायला जरा वेळ लागला. आधी त्यांनी नळी पाहिली, मग खिडकी पाहिली, मग वहिनींकडे पाहिलं. हातातलं फडकं खाली गेलं.

"तक्रार तुमची, गाडीही तुमची," अधिकारी म्हणाले. "प्रकरण मात्र बरोबर खिडकीवर दिलंत. उभ्या गाडीचाच धूर."

"मी काय म्हणत होते?" आक्का म्हणाल्या. त्यापुढं त्यांना काही म्हणावंच लागलं नाही.

वहिनींनी खोकला आवरला. "अहो, पण कशासाठी हो रोज चालू करत होता? जायचं तर कुठंच नसायचं."

दादासाहेब खाली मान घालून म्हणाले, "तुला कधी एकदम दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गाडीनं आयत्या वेळी दगा देऊ नये म्हणून."

सेक्रेटरींनी किल्ली खिशात टाकली. आक्कासुद्धा भिंतीकडे बघू लागल्या. वहिनींचे डोळे मिटले, खांदे हलले, हसू वर येऊ लागलं आणि अर्ध्यावर खोकल्यानं ते गिळलं. तेव्हा कुठं दादासाहेबांना सुचलं, की इंजिन अजून चालूच आहे. त्यांनी धावत जाऊन किल्ली फिरवली.

तसेच ते फाटकापर्यंत गेले आणि सरकारी जीपच्या काचेवर टकटक केलं. "इंजिन बंद करा."

"पुन्हा चालू होत नाही, साहेब, म्हणून बंद करत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"मी ढकलतो," दादासाहेब म्हणाले. आणि पुढं त्यांनी ती खरोखर ढकलली. प्राध्यापक जीप कुठून ढकलावी ते सांगत बाजूनं चालले.

त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावून बॅटरी काढून टाकली. पंखा सेक्रेटरींच्या मेव्हण्याकडे परत गेला. तो त्यानं घेतला नाही, ही गोष्ट वेगळी. आक्कांनी वहिनींना पुन्हा नेलं, छाती पुरती निवळेपर्यंत म्हणून. दादासाहेब रोज संध्याकाळी पायी तिकडे जात, मांजराशेजारी बसत, आणि विनोद मात्र कटाक्षानं टाळत.

वहिनी घरी परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सवयीप्रमाणे दादासाहेब फडकं घेऊन मागच्या बोळात गेले. गाडी पुसली. मग जरा वेळ आत बसले. किल्ली लावली, फिरवली. काहीच झालं नाही. फार शांत वाटलं त्यांना. आणि वरून खोकला आला. खणखणीत, कोरडा खोकला.

दादासाहेब दार उघडून बाहेर पडले ते दोन्ही हात वर करूनच. "अगं, बंद आहे! बॅटरीच नाही! बघ, किल्ली माझ्या हातात आहे!" वरून पुन्हा खोकला. ते जिन्याकडे पळाले. एक चप्पल बोळातच राहिली. धापा टाकत अर्धा जिना चढले, तर वरून वहिनींचा आवाज आला.

"काही नाही हो. तुम्हाला पळता येतं का, ते बघत होते."

आणि वहिनी हसल्या. दारात उभ्या होत्या, हातात चहाची गाळणी होती. डोळे मिटले, खांदे हलले, हसू जिन्यातून खाली आलं, पहिल्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत. दादासाहेबांचा एक पाय अनवाणी होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. ते कठड्याला धरून तिथंच उभे राहिले आणि ते हसणं शेवटपर्यंत ऐकत राहिले. मधे कुठंही खोकला आला नाही.